म्हशीचं बाळंतपण

मी एकदा एका म्हशीला बाळंतिणीची खोली करून दिली होती. शेगडी, शेक, ओव्याची धुरी, सगळं यथासांग. डिंकाचे लाडू तेवढे वळले नाहीत, तेही घरातला डिंक संपला होता म्हणून. माझ्या या मायेपायी ती म्हैस आणि तिची काही दिवसांची रेडी, दोघीही गुदमरून मरायला टेकल्या होत्या.

माझ्या नातीला हे सांगितलं की ती विचारते, "आजी, तू खरंच इतकी येडी होतीस?" तिला वाटतं मी तिला हसवायला रचून सांगते. रचलेलं काही नाही. आणि येडी असते तर बरं झालं असतं, येडी माणसं दुसऱ्याला विचारून तरी करतात. मी तेव्हा शहाणी होते.

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं असतील. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि त्यातल्या एकात मी शिकवत होते. तिशी ओलांडलेली, पंजाबी ड्रेस, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. ते ओळखपत्र मी भाजी आणायला जातानाही काढत नसे. कोथिंबीरवाल्यालाही कळायला हवं ना, आपण कुणाला जुडी देतोय ते. आमची कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर, खिडक्या कायमच्या बंद, त्यावर जाड पडदे, आत एसी. "धूळ, वारा आणि पालक यांतलं काहीही आत येता कामा नये," असं आमचे सर म्हणायचे. बंद खोली म्हणजे प्रगती, हे तिथे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

राहायला मात्र मी वारज्याला. शनिवार पेठेतनं लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा माहेरच्यांनी मला परदेशी धाडल्यासारखा निरोप दिला होता. सासरची शेती तोवर विकली गेली होती आणि शेतांच्या जागी सोसायट्या उगवल्या होत्या. उरलं होतं गावठाणातलं घर, आणि घरामागे गोठा. एके काळी तो भरलेला असायचा. माझ्या वेळी त्यात एकच म्हैस राहिली होती, तीही उतारवयाची. सासूबाई तिचं सगळं स्वतः करायच्या. गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून नव्या सोसायटीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी.

मला तो गोठा नको होता, आणि हे मी लपवत नव्हते. जेवताना रोज काढायचे. "माझ्या ओढणीला शेणाचा वास येतो. क्लासमधली मुलं नाकं मुरडतात." एकाही मुलाने कधी नाक मुरडलं नव्हतं, पण मुरडलं असतं तर? आमच्या ह्यांनाही मी हळूहळू वळवलं होतं. गोठा पाडायचा आणि तिथे सायबर कॅफे काढायचा, इथवर आमची मजल गेली होती.

सासूबाई वाद घालत नसत. एके दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी एवढंच सांगितलं, "म्हस म्हातारी झालीया. हे तिचं शेवटचं वेत. रेडी झाली तर गोठा ऱ्हाईल. टोणगा झाला तर खुशाल मोडा, मी तोंड उघडायची न्हाय."

झाली रेडी.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला. माझं तोंड जे वाकडं झालं ते मला आरशात बघावं लागलं नाही. ह्यांच्या तोंडावरनं कळलं. कुंपणापलीकडून सेक्रेटरीणबाई स्टीलचा डबा घेऊन खरवसाचा चीक न्यायला आल्या. दर आठवड्याला वासाची तक्रार करायचं त्यांचं घर, पण चिकाला काही वास आला नाही.

आणि मग मुळशीकडून निरोप आला, की सासूबाईंचा थोरला भाऊ गेला. दोन दिवस तरी जाणं भाग होतं. रेडीचे पाय अजून लटपटत होते. सासूबाई पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या, परत गोठ्यात आल्या, परत दारापर्यंत गेल्या. शेवटी मला म्हणाल्या, "पिल्लाला वारं लागू दिऊ नगंस. सांजच्याला पोती सोड. म्हशीला पानी कोमट. बाकी तू शिकल्याली हाईस."

शेवटचं वाक्य टोमणा होता हे आज कळतं. तेव्हा मी मान डोलावली होती.

त्या आठवड्यात पुण्यात अशी थंडी पडली होती की लोक तिच्याबद्दल अभिमानाने बोलत होते. कानटोप्या, मफलर, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडातून वाफा. मी संध्याकाळी पोती सोडायला गोठ्यात गेले. वर पत्रा, भिंती कमरेएवढ्या, त्यावर बांबूची जाळी. जाळीवर गोणपाटाची पोती सोडली की झाली थंडीची व्यवस्था. रेडी कोपऱ्यात थरथरत होती. मी जवळ बसले तर तिने माझं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागली. खरखरीत, गरम जीभ. सायबर कॅफेच्या मालकिणीने खरं तर तिथून उठून जायला हवं होतं. मी बसून राहिले, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

मला माझं बाळंतपण आठवलं. आईने मला शनिवार पेठेतल्या मागच्या खोलीत घातलं होतं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दाराला जाड पडदा, बाजेखाली शेगडी, त्यात ओवा आणि शेपा टाकून धुरी. डोळ्यांतून पाणी यायचं, पण त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मी चांगली गुटगुटीत झाले होते. जे मला मानवलं ते म्हशीला का मानवणार नाही? आकारात तेव्हा आमच्यात फारसा फरकही नव्हता.

मग माझा उत्साह कुणी बघावा! कडब्याच्या गंजीवर पावसासाठी एक भलामोठा फ्लेक्स घातलेला होता, हायवेवरच्या कुठल्याशा गृहप्रकल्पाच्या जाहिरातीचा. तो ओढून काढला आणि खिळे मारून जाळीवर ताणून बसवला. 'मोकळी हवा, भरपूर उजेड' अशी त्यावर हातभर लांबीची अक्षरं होती. ती मी आतल्या बाजूला घेतली, म्हशीला वाचता यावीत म्हणून. उरलेल्या बाजूंना पोती, पोत्यांवर प्लास्टिक. दाराला जुनी सतरंजी. सासूबाई रोज दोन वेळा खाली पाणी मारून गोठा धुवायच्या. मी म्हटलं, या थंडीत गार पाणी? ओल्यावरच कोरडं गवत पसरलं. आमच्या क्लासमध्येही फरशी ओली चालत नसे. शेवटी शेगडी पेटवून आत ठेवली आणि वर मूठभर ओवा टाकला. घमघमाट सुटला. हे कामावरून आले, सतरंजी बाजूला करून आत डोकावले आणि म्हणाले, "हे काय, मंगल कार्यालय?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं.

सकाळी सतरंजी उचलली तर तोंडावर ऊब आली. डोळे चुरचुरले. मी खूश, म्हटलं ऊब टिकली! पण पत्र्याच्या आतून थेंब गळत होते, टपटप, म्हशीच्या पाठीवर. तिची पाठ भिजली होती. मी विचार केला, दव आत येतंय. कुठून येतंय ते शोधत बसले, आणि छताशी एक हातभर फट सापडली. घरातली जुनी गोधडी आणून ती फट बुजवली. पूर्ण गोठ्यात हवा जायला तेवढी एकच जागा शिल्लक होती, आणि ती मी शोधून काढून बंद केली. ओल्या गवतावर आणखी गवत टाकलं, शेगडीत नवे कोळसे घातले आणि ओळखपत्र घालून क्लासला गेले. जाताना कुंपणावरून सेक्रेटरी म्हणाले, "काकू, मानलं तुम्हाला! वास एकदम बंद!"

कसा येणार त्यांना? सगळा आतच होता.

त्या दिवशी क्लासमध्ये माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोघींना मी सांगितलंही, की आमच्याकडे म्हैस व्यालीय आणि मी तिचं कसं काय काय करतेय. मला वाटलं हसतील. हसल्याच.

संध्याकाळी परत आले तर वैरण तशीच पडलेली. म्हशीने मान खाली घातली होती आणि दाराच्या सतरंजीला नाक लावून ती उभी होती. मला वाटलं, बिचारी कंटाळलीय, सासूबाईंची वाट बघतेय. रेडी खोकत होती. लहान जिवाचा नाही, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा खोकला. थंडी बाधली! मी धावत घरात गेले आणि ओव्याचा सगळा डबा आणून शेगडीवर रिकामा केला.

खोकणाऱ्या पिल्लाला मी आणखी धूर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडी उठली नाही. मान जमिनीवर टाकलेली, नाकपुड्या फाकलेल्या, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. मी हाक मारली तशी हे आले. दारातच थांबले, नाकाला रुमाल लावला, रेडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई दुपारी येतेय," म्हणाले.

"मला माहीत आहे."

"तू हे..." ते अडखळले. "तू हे चुकून केलंस ना?"

बारा वर्षांचा संसार होता आमचा. ह्यांनाही शंका येऊ शकते! आणि का येऊ नये? गोठा नको, गोठा नको, म्हणून वर्षानुवर्षं ताटावर भुणभुण कुणी केली होती? रेडी जगली तर गोठा राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई गेल्या, गोठा माझ्या हाती आला, आणि दोन दिवसांत रेडी मरायला टेकली. कोण म्हणेल हे मायेनं झालं? मी स्वतः ऐकलं असतं तर मीही म्हटलं नसतं.

मी दुधाची बाटली घेऊन आत शिरले आणि रेडीचं डोकं मांडीवर घ्यायला खाली बसले.

उभं असताना जे नुसतं चुरचुरत होतं ते खाली बसल्यावर सुरीसारखं डोळ्यांत घुसलं. नाकात, घशात आग. श्वास घेतला तर खोकला आला, अगदी तिच्यासारखाच. गवत वरून कोरडं, पण माझ्या सलवारीला खालून ओल लागली. दोन दिवसांचं शेणमूत त्या गवताखाली मुरत होतं. दहावीच्या प्रयोगशाळेत बाईंनी आम्हाला एका बाटलीचा वास घ्यायला लावला होता आणि अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. अमोनिया. विज्ञानात चांगले मार्क होते मला. ते दोन दिवस कुठे फिरायला गेले होते कोण जाणे. आणि माझं डोकं जड झालं होतं, कपाळात ठणका. हा ठणका मला ओळखीचा होता. उन्हाळ्यात एकदा क्लासमधला एसी बंद पडला होता, खच्चून भरलेली बॅच, मुलं जांभया देत होती, एक मुलगी टेबलावर डोकं टेकून पडली. तेव्हा मी सरांना न विचारता ती वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी ठोसे मारून उघडली होती. सर धुळीवरून ओरडले, पण मुलं सरळ बसली.

माणसांच्या पोरांसाठी जे मला एका मिनिटात सुचलं होतं, ते इथे दोन दिवस सुचलं नाही. हिला थंडी नव्हती झाली. हिला हवाच नव्हती.

मी ओरडले, "शेगडी बाहेर काढा! अहो, आधी शेगडी!"

सतरंजी ओढून फेकली. खिळे निघेनात तेव्हा विळा घेऊन फ्लेक्स टराटरा फाडला. गोधडी, पोती, प्लास्टिक, सगळं खाली. थंडगार हवा आत घुसली आणि आतली सगळी घाण बाहेर. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी तोंडात ब्रश घेऊन उभे होते. "अहो काकू! काय हे! केवढा वास सोडलाय!"

"घ्या की थोडा," मी खालूनच म्हटलं. "खरवस घेताना नाही म्हणाला नाहीत."

ते आत गेले. एवढं बोलल्यावर मला जरा बरं वाटलं.

आम्ही दोघांनी रेडीला उचलून अंगणात उन्हाच्या तुकड्यात ठेवलं. अंग पुसून कोरडं केलं, माझी लोकरीची शाल तिच्यावर घातली. ह्यांनी ओलं गवत घमेल्याने ओढून काढलं आणि गोठा धुतला; लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या हातात खराटा बघितला. म्हैस बाहेर आल्यावर तोंड वर करून नुसती उभी राहिली, मोठमोठे श्वास घेत. जनावरांचे डॉक्टर स्कूटरवरून आले. त्यांनी छातीला नळी लावली, पापणी खाली ओढून बघितली आणि मला विचारलं, "कोंडलं होतं का?"

मी सगळं सांगितलं. धुरीचंही.

"धुरी कुणी सांगितली तुम्हाला?"

"माझ्या आईने," मी म्हटलं. "मला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "थंडीचं एवढं नसतं हो यांना. अंग कोरडं हवं आणि झोत थेट अंगावर यायला नको, की झालं. छातीत सूज आहे. इंजेक्शन देतो. संध्याकाळपर्यंत उठून प्यायली तर वाचली."

मी क्लासला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. दुपारभर रेडीजवळ बसून होते. प्रत्येक श्वास गेला की पुढचा येतो का, ते बघायचं. मध्ये एकदा तिचं पोट हललंच नाही असं वाटलं आणि मी तिच्या तोंडाला कान लावला. गरम फुत्कार कानात आला तेव्हा जीव भांड्यात पडला. हे दोन-तीनदा येऊन गेले. शेवटी उकिडवे बसून हळूच म्हणाले, "हे बघ, आईला ते शेगडी-बिगडीचं सांगू नकोस. थंडीनं आजारी पडली म्हणायचं. या हवेत कुणाचंही पडतं. कशाला वाढवायचं?"

मला ते पटलं. आता तुमच्याशी कशाला खोटं बोलू? मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

उन्हं कलती व्हायच्या सुमारास सासूबाई आल्या. भावाला पोचवून आलेल्या, डोळे सुजलेले. पिशवी हातातच होती. फाटलेल्या फ्लेक्सशी थांबल्या. 'मोकळी' एवढाच शब्द धड राहिला होता, पण त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नाकाने वास घेतला. सगळं अंगण ओव्याने दरवळत होतं. मग त्यांची नजर शालीखालच्या ढिगावर गेली.

पिशवी खाली ठेवून त्या रेडीजवळ बसल्या आणि तिचा कान हातात धरून बघितला.

हे म्हणाले, "आई, थंडी फार होती ना, त्यामुळे..."

"मी केलं," माझ्या तोंडातून निघून गेलं. जुळवून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "मी गोठा चारी बाजूंनी बंद केला. फट होती तीही बुजवली. शेगडी ठेवली, धुरी दिली. खालचं धुतलं नाही, त्यावरच गवत टाकत गेले. ती खोकत होती तर आणखी ओवा टाकला. गोठा मला नको होता हे खरं आहे, आई. तुम्हाला माहीत आहे. पण ही नको होती असं नाही. देवाशपथ नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी रेडीच्या पोटाखाली हात घातला, मला नुसती मान हलवून खूण केली, तशी मी मागून धरलं. आम्ही दोघींनी तिला म्हशीपाशी नेलं. सासूबाईंनी सड पिळून दुधाची धार तिच्या तोंडावर मारली. तिने तोंड फिरवलं. परत धार मारली. दूध हनुवटीवरून खाली ओघळलं. म्हैस मागे वळून बघत होती, बारीक आवाजात हुंकारत. माझे हात भरून आले होते, पण सोडायची हिंमत नव्हती. रेडीचे मागचे पाय लटपटले, ती बसकली, आम्ही परत उभी केली.

तिसऱ्यांदा तिने जीभ बाहेर काढली. ओठ चाटले. मग मान पुढे केली आणि सड तोंडात धरला.

आधी थांबत थांबत, मग एकदम ढुशी देत. शेपूट हलायला लागली. सासूबाईंनी हात काढून घेतला तरी ती उभी होती. मी मात्र तिला धरूनच होते आणि माझं नाक वाहत होतं.

सासूबाई खाली पडलेली माझी शाल उचलून झटकत होत्या. तिला वास कसला येत होता ते सांगायला नको. त्यांनी ती नाकाशी धरली, घडी घातली, माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "मारायचीच आसती तर येवढा ओवा कशाला जाळला आसतास? माझ्या चार बाळंतपनांत मिळून बी कुनी येवढा जाळला न्हाय."